मशीनला हवा लागते

(काळाचौकीतली चाळ, रविवारची सकाळ. स्वयंपाकाच्या खोलीत रमाकांत लादीवर बसलाय. पुढ्यात मुलीचा गेमिंगचा कॉम्प्युटर, बाजूचं झाकण काढून आडवा ठेवलेला.)

दर्शना : बाबा, राहू द्या ना. प्रिती दुपारी न्यायला येतेय. ती घेईल तिच्याकडे साफ करून.

रमाकांत : दुसऱ्याच्या घरी अशी द्यायची वस्तू? ही पुढची जाळी बघ. धुळीची नुसती गोधडी झालीय. पंखा हवा ओढणार कुठून?

दर्शना : गणपतीपासून कोणी हात लावलाय कुठे.

रमाकांत : तो ब्रश दे. तो नाही गो, मऊवाला. आणि हा पंखा बोटाने धरून ठेव. ब्लोअरच्या हवेने गरागरा फिरला की बेअरिंग जातं त्याचं. एसीत पण असंच.

दुर्गा : अहो, ते स्क्रू ओट्यावर नका ठेवू. आत्ता कणीक मळायचीय मला.

रमाकांत : वाटीत ठेवतो. दर्शना, ह्या प्रोसेसरवरची ती गरमी ओढणारी पेस्ट पण बदलू. सुकून खडू झाली असेल. नवीन आणलीय मी, लॅमिंग्टन रोडवरून.

दर्शना : कधी आणली?

रमाकांत : झाले दिवस. दिवाळीच्या आधी.

दर्शना : आणि लावताय आज.

रमाकांत : तू सापडायचीस कुठे? सकाळी ऑफिस, आलीस की जेवायचं आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचं. खालून हवा जावी म्हणून स्टँड पण केलाय. कॉटखाली आहे.

दुर्गा : मला तर वाटलं कुंड्यांसाठी केलाय.

रमाकांत : ही प्रिती म्हणजे तुमच्या टीममधलीच ना?

दर्शना : आता आहे. माझ्या जागी घेतली तिला. तिचा पीसी बसलाय आणि पुढच्या महिन्यात त्यांची मोठी टुर्नामेंट आहे.

रमाकांत : तुझ्या जागी आली, आणि तिलाच देतेस?

दर्शना : चांगली खेळते ती. तिचा काय दोष?

रमाकांत : नाही, तिचा नाही. त्या दिवशीचं तू काय सांगितलंस ह्या पोरींना?

दर्शना : लाइट गेली म्हटलं.

रमाकांत : आपल्याकडे कुठे लाइट जाते?

दर्शना : तेच त्या म्हणाल्या. गणपतीत काळाचौकीची लाइट गेली, असं कोणाला सांगतेस? त्यांना वाटलं आपण हरतोय बघून मी मुद्दाम बंद केला. सिलेक्शनची मॅच होती ती. श्रेया तर अजून बोलत नाही माझ्याशी.

रमाकांत : मग खरं सांगायचं ना. म्हणायचं, माझ्या बापाने त्याच्यावर कापड घातलं.

दर्शना : असं कसं सांगणार बाबा कोणाला?

दुर्गा : तेव्हा धांदलच तशी उडाली होती. मालनवन्संचा फोन आला, मुलाकडची मंडळी नाक्यावर आलीत म्हणून. बाहेर आरतीची माणसं, आत ही कानाला हेडफोन लावून बसलेली.

दर्शना : मला सांगितलं होतं का कोणी? आत्या येतेय आणि तिच्या ओळखीचे बाप्पाच्या पाया पडायला येतायत, एवढंच माहीत. मला बघायला येतायत हे मला चहाचा ट्रे हातात दिल्यावर कळलं.

रमाकांत : ते दिवे लुकलुकत होते गो त्याचे. लाल, निळे, हिरवे. दारातून सरळ दिसत होते. मला वाटलं, विचारलं तर काय सांगू? मुलगी सणाच्या दिवशी बंदुकांचा गेम खेळते? मखराचं साटीन उरलं होतं. दुहेरी केलं आणि टाकलं वरून. म्हटलं, पाव्हणे चहा पिऊन जातील, तेवढा वेळ काय होतंय.

दर्शना : आधी गेम अडकायला लागला. सगळ्या पुढे पळतायत आणि मी तिथल्या तिथे. मला वाटलं नेटचा प्रॉब्लेम. त्या ओरडतायत माझ्या नावाने, आणि पायाला गरम वाफ लागतेय. खाली वाकून कापड बघितलं तोवर तो बंदच पडला.

रमाकांत : मला कळत नव्हतं असं नाही. तेच तर खातं मला. सगळा जन्म लोकांचे एसी साफ करण्यात गेला. आउटडोर युनिटवर कोणी टॉवेल वाळत घातलेला दिसला तरी मी बोलतो. म्हणतो, मॅडम, मशीनला श्वास घेऊ द्या. आणि घरात माझ्या हाताने... कापड टाकताना आतली गरम हवा हाताला लागली होती मला. तरी टाकलं.

दर्शना : पेस्ट जास्त नका घालू. वाटाण्याएवढीच.

रमाकांत : हो.

दुर्गा : आणि ती मंडळी तरी परत कुठे आली. मुलाची आई मोदकाला चव नाही म्हणाली, असं वन्सं सांगत होत्या.

रमाकांत : तू गप बस गो जरा.

दुर्गा : मी गप्पच होते तेव्हा. म्हणून आता बोलतेय.

रमाकांत : दर्शना, एक सांगू? त्या प्रितीला म्हण, दुसरीकडे बघ. मी खिडकीत छोटा एक्झॉस्ट बसवतो. ह्या स्टँडवर मशीन, मागे भिंतीपासून हात-दीड हात जागा. मे महिन्यात पण तापणार नाही. तू परत सुरू कर.

दर्शना : नाही हो होत आता. हाताची सवय गेलीय माझ्या. त्या पोरी रोज प्रॅक्टिस करतात. मी परळहून घरी येते तेव्हा डोळे उघडे राहात नाहीत.

रमाकांत : माझ्यामुळे झालं हे.

दर्शना : सगळं नाही. एका मॅचने काय होतं? दुसरी टीम शोधता आली असती. मी रुसून बसले. रोज वाटायचं, तुम्ही येऊन काहीतरी बोलाल, मग मी चालू करेन. तुम्ही बोलला नाहीत, मी केला नाही. मग ऑफिस लागलं.

रमाकांत : पेस्ट आणली त्या दिवशी आलो होतो तुझ्याकडे. तू झोपली होतीस.

दर्शना : झोपले नव्हते.

दुर्गा : चहा घ्या दोघं. गार होतोय.

रमाकांत : रागाने तर देत नाहीस ना तो?

दर्शना : नाही. आधी होता राग. आता असा पडून राहिला तर खराबच होईल, म्हणून. तिच्याकडे चालेल तरी.

रमाकांत : मग हे झाकण लावतो. तो छोटा स्क्रू दे. हं. लाव पिन, चालू कर.

दर्शना : आवाज किती कमी झाला. एकेचाळीस डिग्री दाखवतोय. मस्त. करू बंद?

रमाकांत : थांब. नुसतं चालू करून कळत नाही, लोड पडायला हवा. एसी पण भर दुपारी बघायचा असतो, सकाळी सगळेच गार.

दर्शना : म्हणजे गेम लावायला लागेल.

रमाकांत : लाव की.

दर्शना : तुम्ही इथे बसून बघणार?

रमाकांत : टेंपरेचर बघणार. तू खेळ तुझी.

दर्शना : माऊस पण हातात नीट बसत नाहीये. सरका जरा. किती झालं?

रमाकांत : साठ. बासष्ट. आता अडुसष्टवर थांबलंय.

दर्शना : पूर्वी नव्वदच्या खाली यायचंच नाही. चांगलं केलंत बाबा.

रमाकांत : प्रितीला सांग, महिन्यातून एकदा जाळी झटकायची. नाहीतर मला फोन कर म्हणावं, मी जाईन.

दर्शना : सांगते.

रमाकांत : हे सगळे आपलेच?

दर्शना : चौघं आपले. बाकी समोरचे.

रमाकांत : इतकी वर्षं घरात आहे, पण मी कधी असा बसून बघितलाच नाही. ह्यातली तू खंयची?

दर्शना : ती पाठमोरी चाललीय ना, ती मी.