उःशाप लिहायचा राहिला

...आणि वर मलाच विचारतात, "अहो, तुमची तलवार इतकी बोलते कशाला?" आता तुम्हीच सांगा, बोलणारी तलवार बोलणार नाही तर काय विणकाम करणार? मागितली कोणी होती? यांनीच! बोलणारी हवी, शापित हवी, एकदा हातात घेतली की सुटायला नको, आणि वर तिला स्वतःचं मन हवं... मन! अहो, माझंच मन मी कुठे ठेवलंय ते मला सापडत नाही, तलवारीला कुठून आणू? तुम्हाला सांगतो, साधी तलवार करायला गेलो होतो हो मी... साधी!

थांबा, तुम्हाला तो खेळच माहीत नसेल तर मी वेड्यासारखा बडबडतोय असं वाटेल. बडबडतोय हे खरंय, पण वेड्यासारखा नाही. तर आमच्याकडे रविवारी चार वाजता जेवणाच्या टेबलावर एक खेळ चालतो. पट नाही, पत्ते नाहीत. एकाने गोष्ट रचायची, त्याला म्हणायचं गेममास्टर, आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून वीर, चोर, राक्षस व्हायचं. गेममास्टर म्हणाला, "समोर गुहा आहे," की यांनी सांगायचं, आम्ही काय करतो, आणि ते जमलं की फसलं हे ठरवायला एक फासा. वीस बाजूंचा! मुलीने हे खूळ घरात आणलं तेव्हा मी म्हणालो होतो, "काय हा पोरखेळ!" आणि तिसऱ्याच रविवारी साडेतीनपासून खुर्ची अडवून कोण बसलं होतं? मी!

खेळाडू चार. मुलगी म्हणजे योद्धा, कमरेला काही ना काही लटकलेलं. बायको वैद्य, जखम भरते, पण भरताना "सांगितलं होतं ना" हे म्हटल्याशिवाय तिचं औषध लागू पडत नाही. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, शाळेत गणित शिकवतो आणि खेळात चोर आहे. आणि खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, त्या राक्षसीण. म्हणाल्या, "आठवडाभर लोकांशी गोड बोलून 'आ करा, आ करा' म्हणते हो मी, रविवारी मला कुणाला तरी चावू द्या." आणि गेममास्टर मी. धंद्याने लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस! अठ्ठावीस वर्षं लोकांना वर-खाली सुखरूप पोचवतोय. आता अशा माणसाला कुणी भीतीच्या गोष्टी रचायला सांगतं का?

तर झालं काय, मेहुणा एकदा बिस्किट चहात बुडवत म्हणाला, "भाऊजी, राग मानू नका, पण तुमच्या गोष्टीत भीतीच वाटत नाही. मागचा ड्रॅगन आम्हाला 'बसा' म्हणाला."

म्हटलं, "अरे, ते दरारा दाखवायला..."

"पाणी विचारलं त्याने आम्हाला!"

सगळे हसले. मुलगीही हसली, पण हसताना म्हणाली, "बाबा, एक शापित तलवार बनव ना. बोलणारी. खरंच भीती वाटेल अशी." झालं! मी पेटलो.

आता खरं सांगू? पेटायला आणखी एक कारण होतं. त्याच आठवड्यात मुलीला नोकरीचं पत्र आलं होतं. पिण्याच्या पाण्याची तपासणी करायची प्रयोगशाळा, तिच्या शिक्षणाला अगदी साजेशी, पगार चांगला, सगळं उत्तम... फक्त गाव इथून दोन दिवसांच्या प्रवासावर! तिने पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "बाबा, काय करू?" आणि मी, अठ्ठावीस वर्षांचा अनुभवी माणूस, काय म्हणालो? "बघ बाई, तुझी मर्जी." कसलं वाक्य आहे हो ते! दिसायला परवानगी आणि आतून कुलूप. ती पत्र उचलून आत निघून गेली. तेव्हापासून आमचं बोलणं बायकोमार्फत. "बाबांना सांग, साबण संपलाय." "तिला सांग, कपाटात आहे." आणि मी मान खाली घालून वहीत तलवार काढतोय! काय शूर माणूस!

पहिली तलवार मी केली रक्तपिपासू. रोज एक माणूस हवा तिला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "आणि एखाद्या दिवशी माणूस नाही मिळाला तर?"

"तर मालकाचंच रक्त पिते."

"मग घेईल कोण ती हातात? तुम्ही घ्याल?"

खोडलं. मग म्हटलं, आधी आवाज सापडला पाहिजे. आवाज सापडला की स्वभाव आपोआप येतो. पण घरी सराव कुठे करणार? म्हणून कामावर, एका सात मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत एकटाच होतो तेव्हा घसा खाली नेऊन सुरू केलं... "ये... मला हातात घे... आता तुझी सुटका नाही..." छान घुमत होता हो आवाज! अंगावर काटा आला माझ्याच! आणि माझ्या अजिबात लक्षात नाही की लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलायचा जो फोन असतो, तो तपासून मी चालूच ठेवला होता. आणि खाली, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे, भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी...

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. समोर तक्रारीचा कागद. "तुम्ही ग्राहकाला 'तुझी सुटका नाही' असं म्हणालात?"

"साहेब, ते मी नाही, तलवार..."

"कोण?"

"तलवार, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "चार दिवस रजा घ्या." मी म्हटलं, नको. तर म्हणाले, "मी विचारत नाहीये." आता बोला! लोक आजारपणात रजा घेतात, लग्नात घेतात, मी घेतली तलवारीपायी. साधी तलवार करायला गेलो होतो हो मी!

बरं, त्या रजेत खरी कल्पना सुचली. तुम्हाला ठाऊक आहे का, लिफ्ट मजल्यावर नसेल तर बाहेरचं दार उघडत नाही? कितीही ओढा! आत एक कुलूप असतं, माणूस खड्ड्यात पडू नये म्हणून. मी म्हटलं, अरे, हाच शाप! ही तलवार आपल्या मालकाला कधीच इजा होऊ देत नाही. म्हणजे कधीच! दारापलीकडे धोका दिसला की दारातून जाऊच देत नाही, पाय जमिनीला चिकटतात, आणि हातातून सुटतही नाही. बिचारा मालक सुखरूप, धडधाकट, आणि आयुष्यभर एकाच खोलीत! आहे की नाही भयंकर? मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की सलग अकरा पानं लिहिली. नियम, पोटनियम, अपवाद. ओल्या जमिनीबद्दल वेगळा परिच्छेद. हे मी काय लिहितोय, हे एकदा तरी डोक्यात शिरावं की नाही? नाही! ढ म्हणजे किती ढ असावं माणसाने!

रविवार उजाडला. सोमवारी त्या नोकरीवाल्यांना उत्तर कळवायचं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आणि कुणीच बोलत नाही. चार वाजता सगळे बसले. मी खिडकीचा पडदा ओढला, वातावरणनिर्मिती! म्हटलं, "कोरड्या विहिरीच्या तळाशी, दगडात रुतलेली, काळीशार तलवार..." मुलगी म्हणाली, "मी उचलते." माझ्याकडे न बघता. मी घसा खाली नेला.

"आता... तुझी... सुटका... नाही..."

मेहुण्याचं बिस्किट हातातच! जिंकलो म्हटलं!

मुलगी म्हणाली, "मी समोरच्या दारातून पुढे जाते."

तलवार म्हणाली, "नको. तिकडे अंधार आहे."

"मशाल पेटवते."

"जमीन ओली आहे. घसरशील."

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर रुमाल धरला. मुलगी म्हणाली, "डावीकडच्या बोगद्यातून जाते."

"तिथे वारा आहे. गळ्याभोवती काही घेतलंयस का?"

फुटल्या हो बाई! "अहो, ही तलवार आहे का स्वेटर?" मेहुणा टेबलावर डोकं ठेवून हसतोय, मला काही कळेना, मी आणखी खोल आवाजात, आणखी भयंकर, "मूर्ख मानवांनो... पोचल्यावर कळवत जा..." बायकोने चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "हा आवाज मी सव्वीस वर्षं ऐकतेय. आजवर तलवार नव्हती, एवढंच."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला! पडला म्हणजे काय, डोक्यात दिवा पेटला आणि तोंडावरचा विझला. अकरा पानं! अकरा पानं मी स्वतःचीच जन्मपत्रिका लिहिली होती, अपवादांसकट!

सगळे हसत होते. मुलगी नाही. ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली... किती दिवसांनी सरळ माझ्याकडे बघत होती... "तलवारी, तुझा उःशाप काय?"

मी पानं चाळली. पुढून चाळली, मागून चाळली. ओल्या जमिनीचा परिच्छेद दोनदा हाताला लागला. उःशाप नव्हता! लिहायचाच राहिला होता! प्रत्येक लिफ्टला संकटात बाहेर पडायची वाट ठेवणारा मी माणूस, आणि मुलीच्या हातात...

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, शाप आहे म्हणजे उःशाप असणारच. नियमच आहे."

"शोधतोय रे."

"सुचत नसेल तर फासा टाकू का?"

"नको," मुलगी म्हणाली. "फासा नको. तिलाच सांगू दे."

आता मी काय करणार? पानं उलटी करून ठेवली. म्हटलं, "तलवारीने... स्वतःहून... मालकाला 'जा' म्हटलं... तर सुटेल."

"मग म्हण," ती म्हणाली.

आता कुणीच हसत नव्हतं. डॉक्टरीणबाई खिडकीच्या पडद्याकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडलं तर 'ज' यायच्या जागी भलतंच आलं. तलवारीच्या आवाजात विचारलं, "तिकडे... थंडी फार असते?"

"असते. जाड कोट घेतलाय."

"राहायचं कुठे?"

"तिथलीच एक जण आहे, दोघी मिळून खोली घेतोय. सहाव्या मजल्यावर."

"लिफ्ट आहे?"

"आहे."

"शेवटची तपासणी कधी..."

"भाऊजी!" मेहुणा कळवळून ओरडला. "गुहेत लिफ्ट कुठून आली?"

"तू गप रे," बायको म्हणाली.

मुलगी हळूच म्हणाली, "तपासणीचा कागद आत लावलेला असतो ना? पाहिल्याशिवाय पाय ठेवणार नाही. झालं?"

तुम्हाला सांगतो, मी खोल आवाज लावायला गेलो, पण तो लागलाच नाही. माझाच निघाला, फाटका. म्हटलं, "जा."

"नीट म्हण. ऐकू नाही आलं."

"जा ग बाई. चांगली नोकरी आहे. जा."

तलवार खणकन खाली पडली. म्हणजे पडली असं मी सांगायला हवं होतं, गेममास्टर म्हणून, पण ते मेहुण्यानेच चमचा फरशीवर टाकून केलं. देव त्याचं भलं करो. मुलगी उठली, टेबलाला वळसा घालून आली, माझ्या टकलावर हनुवटी टेकवून क्षणभर उभी राहिली, आणि परत जागेवर बसून म्हणाली, "चला. मी त्या अंधाऱ्या दारातून जातेय. रिकाम्या हाताने." फासा टाकला. चार! वीसपैकी चार! आत राक्षस होता, त्याने तिला भिंतीवर आपटलं. नियम तो नियम. आणि ती उठली हो! दात ओठ खात उठली. डॉक्टरीणबाई मागून धावल्या आणि राक्षसाला इतक्या मनापासून चावल्या, म्हणून सांगू! बायकोने तिच्या जखमा भरल्या. या वेळी "सांगितलं होतं ना" न म्हणता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण सव्वीस वर्षांत ते एकदाच घडलंय.

सोमवारी तिने होकार कळवला. पंधरा दिवसांनी गेली. मी पोचवायला गेलो, ट्रंकेला हात लावला नाही असं म्हणणार होतो, पण लावला, दोरही मीच बांधला, तीन गाठी. त्या सोडवायला तिला तिथे शेजाऱ्यांची कात्री मागावी लागली म्हणे. फोनवर हसत सांगत होती. आणि तपासणीचा कागद? विचारलं मी. चालू वर्षाचा आहे.

चला, म्हटलं, निदान तलवारीतून तरी सुटलो! साधी तलवार करायला गेलो आणि एवढं रामायण झालं, आता वही बंद. पण कसलं काय! तुम्ही मेहुण्याला ओळखत नाही. खेळात तलवार जमिनीवर तशीच पडली होती ना? पुढच्या रविवारी हा चोर म्हणतो, "मी उचलतो."

म्हटलं, "अरे, शापित आहे!"

"असू दे. मला कुणी इतकं विचारत नाही हो, भाऊजी. घरी एकटाच असतो मी."

गेले पाच महिने दर रविवारी ती तलवार त्याला विचारते, जेवलास का, औषध घेतलंस का, वर्गातली पोरं फार छळतात का. आणि मी प्रत्येक वेळी शेवटी, नियमाप्रमाणे, अगदी घसा ताणून उःशाप म्हणतो, "जा!"

आणि तो खुर्ची आणखी पुढे ओढून म्हणतो, "कशाला, भाऊजी? बरं चाललंय की!"