चुडाव्याच्या पारावरची बाई

चुडाव्याच्या एका मास्तरांनी बन्सीधररावांना पत्र पाठवलं होतं. "तुम्ही जुन्या मूर्तींवर लिहिता. आमच्या पारावरच्या दगडात कोरलेली बाई कोण, ते कळवा." सोबत फोटोही होता. बन्सीधररावांना बाई ओळखू आली नाही आणि तसं कळवायची लाज वाटली. पत्र महिनोन्‌महिने पिशवीतच राहिलं.

आज मानवतच्या बसस्टँडवर त्यांच्या मागच्या बाकावर आत्या-भाची बोलत होत्या.

"प्रियांका, नोकरी न्हाई, हापिस न्हाई. मग तू करतीस काय गं?"

"गावोगावच्या जुन्या मूर्तींचा इतिहास लिहून देते, आत्या. ज्याला पाहिजे तो बोलावतो."

"झरीला कुणी बोलिवलं?"

"गावकऱ्यांनी. बारव उपसताना मूर्ती निघाली. कुणाची ते सांगायचंय."

"आन् न्हाई वळखली तर?"

"तर सांगायचं, ओळखू येत नाही."

"आगं बया! मग पुन्ना कोण बोलिवतंय तुला?"

"मागच्या गावात तसंच सांगितलं. सरपंच म्हणाले, मग राहा, नीट बघा. हुरडा खाऊ घातला. वर शेजारच्या गावातूनही बोलावणं आलं."

"वळखली न्हाई म्हणून?"

"त्यांच्याकडंही न ओळखलेल्या मूर्ती आहेत की!"

"लय झ्याक धंदा हाय. एवढं तर मला बी येतंय."

"मग चल की झरीला!"

गाडी लागली. दोघी हसत चढल्या.

बन्सीधररावांनी पोस्ट गाठलं, कार्ड घेतलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं, "मास्तर, बाई ओळखू आली नाही. बघायला येऊ का?"

मन बदलायच्या आत त्यांनी ते पेटीत टाकलं.