पाठवलं म्हणजे पोचलं

...नाही हो काकू, मला चहा नको, आणि हवा खायला तर मुळीच जायचं नाही! मी या स्टुलावरून हलणार नाही. का? तुम्हाला सांगतो. आत्याच्या उशाशी ती सलाईनची मशीन दिसतेय ना, हिरव्या दिव्याची, अगदी गरीब गाय? तिच्या पोटातला प्रोग्रॅम आमच्या ऑफिसात लिहिलाय. म्हणून तर घाम फुटलाय!

आत एकाच वेळी दोन कामं चालतात, आम्ही त्यांना थ्रेड म्हणतो. एक बघतो, नळीत हवेचा बुडबुडा आला का. दुसरा पडद्यावर आकडे काढतो आणि भोंगा वाजवतो. राहतात भिंतीला भिंत लावून, पण बोलणार सॉकेटमधून! भिंतीतलं नव्हे हो... पत्रपेटी समजा. एकानं चिठ्ठी टाकायची, दुसऱ्यानं काढायची. आमच्या घरी आई-बाबा भांडले की असंच, समोरासमोर बसून, मध्ये मी: "तुझ्या बाबांना सांग, जेवण वाढलंय!" हे कशासाठी? तर उद्या आतला बोर्ड बदलला तरी प्रोग्रॅम जसाच्या तसा चालावा. कल्पना उत्तम, मीच तिच्यासाठी भांडलोय! पण चिठ्ठी मिळाली का, हे कुणी विचारायचं? साहेबांना म्हटलं, तर चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "अरे बाळा, एकाच डब्यात आहेत ना दोघं? टपाल काय परगावी जातंय? पाठवलं म्हणजे पोचलं!"

मग बोर्ड बदलला. स्वस्तातला. पेटीत जागा आठ चिठ्ठ्यांची. पडदेवाला आकडे काढण्यात गुंतला, पेटी भरली, की नववी चिठ्ठी... गायब! आवाज नाही, तक्रार नाही. आणि पाठवणारा खूश: पाठवलं म्हणजे पोचलं! नववीत काय लिहिलेलं असेल? "बुडबुडा आला."

चाचणीत सापडलं नाही? कसं सापडेल! प्रत्येक चिठ्ठीची नोंद करणारी एक ओळ मी घातली होती. नोंदीत पाठवणाऱ्याचा वेळ जायचा, तेवढ्यात पेटी रिकामी. शंभरदा बुडबुडा, शंभरदा भोंगा. वा! मशीन बाहेर पडताना ती ओळ काढली. कुणी? मीच, या हातांनी! नंतर मला राहवेना, ओळीशिवाय पुन्हा चालवलं. शंभरातून तीनदा... नळीत बुडबुडा, आणि भोंगा गप्प. हिरवा दिवा मात्र हसतोय!

साहेबांना मेल केली. तीन केल्या. उत्तर नाही. धावत त्यांच्या खोलीत गेलो, तर ते रजेवर आणि मशीन रवाना. शेजारचा टेस्टर म्हणतो, "केलीस ना मेल? मग पाठवलं म्हणजे पोचलं, दादा!"

आणि आज सकाळी आत्याला इथं आणलं. तिनं मला हाताला धरून शाळेत नेलंय हो... आणि माझी मशीन तिच्या हाताला! सिस्टरना म्हटलं, बदला. त्या बिचाऱ्या धावत गेल्या, दुसरी घेऊन आल्या. हीच! आमचीच, तोच हिरवा दिवा! म्हटलं, निदान मोठ्या डॉक्टरांना कळवा. "कळवलं की."

"त्यांना मिळाला निरोप?"

"अहो, पाठवलाय ना..."

तेव्हा काकू, जरा सरका. तुमच्या सावलीत नळी दिसत नाही.