फंडातला साबण

आमच्या काकांनी एकदा भर दुष्काळात अख्ख्या जळकोटला आंघोळ घालायचं मनावर घेतलं होतं.

म्हातारपणासाठी उघडलेल्या पेन्शन खात्यातल्या म्युच्युअल फंडात त्यांची सगळी कमाई होती. त्यांनी एजंटला विचारलं, "भाऊ, ह्या फंडात नेमकं हाय काय?"

"कंपन्यांचे शेअर, काका. जास्त करून साबणाच्या."

काका घाबरले. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, मग साबण कोण घेणार? टपरीवर लोक उदगीर नवा जिल्हा होणार का, यावर बोलत होते. काका मधेच म्हणाले, "जिल्हा राहू द्या, आधी आंघोळी करा!"

घरी हे ऐकून काकूंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे सगळा पैसा पाण्यात गेला म्हणा!"

काका ओरडले, "जायला पाणी हाय कुठं?"