भर पावसात शून्य पाणी

बायांनो, माह्यासारखी मूर्ख मीच. बल्लारपुरात पंख्याखाली बसून मी भामरागडची नदी कोरडी केली होती, तेही भर पावसाळ्यात. त्या दिवशी बाळ-बाळंतीण दोघंही सुखरूप राह्यले, म्हणून आज हसून सांगून राह्यली.

तिथल्या पुलाजवळच्या यंत्रावरून नदीच्या पाण्याच्या पातळीचे आकडे यायचे. प्रोग्राममधली ती आकड्यांची रांग जेसनच्या, म्हणजे कम्प्युटर एकमेकांले माहिती पाठवतात त्या ठरलेल्या साच्याच्या, मजकुरात बदलून लोकांच्या मोबाईलवर पाठवायची, एवढंच माहं काम. त्या दिवशी प्रोग्राम अडकला. यंत्र बंद पडलं होतं, अन् रांगेत आकड्याच्या जागी 'आकडा नाई' अशी खूण आली होती. जेसनले ती खूण चालत नाई. तिथं 'नल' लिहायचं असते, म्हणजे 'माहीत नाई'. पण मले वाटलं, लोकांले माहीत नाई म्हणून कसं सांगायचं? बरं दिसत नाई. मी शून्य टाकलं. प्रोग्राम सुरळीत धावला, अन् मी चहा ठेवला.

चहा उकळून राह्यला होता, तर नणंदेचा फोन. ती भामरागडले नर्स आहे.

"वहिनी, पुलाजवळ उभी आहो. गाडीत बाळंतपणाची बाई आहे. पाणी किती, पाहून सांग न. थांबू का डोंगा बोलावू?"

मी स्क्रीन पाह्यली. मीच टाकलेलं शून्य, पण आकडा दिसला की मलेच खरं वाटलं.

"अगं, डोंगा काऊन? पाणी शून्य आहे. बिनधास्त काढ गाडी."



"हो वहिनी. पूल पाण्याच्या वर आला की काढतो."