वेळ अमावस्येची घरधनीण

जबाब. दि. १ जानेवारी १९७६, रात्री साडेआठ वाजता.

मी ईरम्मा भ्र. कै. वीरभद्रप्पा हत्तुरे, वय ३६ वर्षे, धंदा घरकाम, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी दीर चनबसप्पा यांच्या कुटुंबात राहते. पती वारून अकरा वर्षे झाली. मूलबाळ नाही.

आज वेळ अमावस्येचा, शेतात पंगत घालण्याचा सण असल्याने दीर, जाऊ व त्यांची मुले यांच्यासोबत मी सकाळी नऊच्या सुमारास अक्कलकोट रस्त्यावरील जुने शेतघर पाहण्यास गेले. शंभर वर्षांमागे शेतकरी कसे राहत हे कळावे म्हणून एका संस्थेने ते उभारले आहे. तेथे नेमलेली माणसे मोट हाकतात, दळतात, रांधतात. सणामुळे गर्दी होती. मी मागे राहिले.

परसदारी व्यवस्थापक सिद्धलिंगप्पा गुरुजी भेटले. रांधणाऱ्या नागव्वा तापाने आजारी असून त्यांच्या बदली दुसरी बाई येणार होती. ती मीच, असे गुरुजींना वाटले. "बाई, उशीर झाला. चूल पेटवा," असे ते म्हणाले. मी ती नव्हे, असे मी सांगितले नाही. चूल पेटवली. गुरुजींच्या पत्नी सावित्रम्मा यांनी इरकली लुगडे व कुंकवाचा करंडा दिला. "घरधनिणीला पायजे की," असे त्या म्हणाल्या. कुंकू मी स्वतः लावले.

घरधनी म्हणून धुळाप्पा नेमलेले होते. ते मंगळवेढ्याकडचे मेंढपाळ आहेत. पूर्वीची ओळख नाही. ते मोट हाकत होते व पाणी पाटाने जोंधळ्यात जात होते. चुलीपाशी वरून ऊन पडत होते, त्यात पीठ उडत होते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

एकच्या सुमारास पंगत बसली. मी पालेभाज्या व दाण्यांची भज्जी, भाकरी, आंबील वाढली. दीरही बसले होते. त्यांच्या पत्रावळीवर मी दोनदा वाढले. त्यांनी वर पाहिले नाही. "भज्जी लई झकास हाय," असे ते शेजारच्या माणसास म्हणाले.

लोक पांगल्यावर धुळाप्पांनी मला बसवून स्वतः आंबील वाढली. नंतर विचारले, "तुमच्याकडं जोंधळा कसा हाय औंदा?"

मी म्हणाले, "आपला बरा हाय की." आपला म्हणजे त्या घरापुढचा.

ते हसले नाहीत. "व्हय, कणीस भरलंय," असे म्हणाले.

सहा वाजता शेतघर बंद झाले. आमची माणसे माझी वाट न पाहता निघून गेली होती. धुळाप्पा मला घरी सोडण्यास बैलगाडी घेऊन निघाले व मी गाडीत बसून गेले. पेठेकडचे वळण आल्यावर त्यांनी विचारले, "हितं वळायचं का?" मी म्हणाले, "सरळ जाऊ द्या." सरळ रस्ता कुठे जातो ते मला माहीत नव्हते. बैल आपल्या चालीने चालले होते.

थोड्या अंतरावर मला शोधत आलेले दीर व दोन इसम यांनी गाडी अडवली. "आमच्या घरची बाई पळवतो काय," म्हणून धुळाप्पांना काठीने मारले. डोके फुटले. तेथून आम्हा दोघांना येथे पोलीस ठाण्यात आणले.

धुळाप्पांनी मला फूस लावली नाही. अंगास हात लावला नाही. त्यांना सोडून द्यावे. मला दिरांच्या ताब्यात जायचे नाही. नागव्वा बऱ्या होईपर्यंत सावित्रम्मा मला काम देऊन आपल्या घरी ठेवण्यास तयार आहेत. बातमी कळताच त्या येथे आल्या व बाहेर बाकावर बसल्या आहेत. पुढचे मी अजून ठरवलेले नाही.

जबाब मला वाचून दाखवला व कानडीत समजावून सांगितला. त्यात "गाडीत बसवून नेले" असे लिहिले होते. ते खोडून "गाडीत बसून गेले" असे मी करायला लावले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा
ईरम्मा