साखर बंद, बाकी सगळं चालू

"उघड, तोही डबा उघड, आणि उशीच्या अभ्र्यात हात घालायचा राहिलाय तोही घाल," मी सूनबाईला म्हटलं. कारण काय, तर आमच्या म्हाताऱ्याच्या रक्तातली साखर चढलीय, आणि ती चढवली कोणी, तर म्हणे मी चोरून... तुम्हाला सांगते, या वयात माझ्या कपाटाची झडती, माझ्याच खोलीत, मी समोर उभी असताना. मुलगा दारात, हातात तपासणीचा कागद, आवाज लोण्यासारखा, "आई, तू खरं काय ते सांग, आम्ही रागावणार नाही." हा मला रागावणार नाही. ज्याचा शेंबूड पुसता पुसता माझे पदर विरले, तो.

बरं, सापडली का साखर? सापडेल कुठून? डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी सूनबाईने घरातली साखर डब्यासकट शेजारणीला देऊन टाकली. या घरात साखर बंद आहे, हे आमच्या पोस्टमनलासुद्धा ठाऊक आहे.

आता साखर बंद म्हणजे काय, ते ऐका. सकाळी डोळे उघडले की सूनबाई कोमट पाण्यात मध घालून देते. का, तर मध नैसर्गिक. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. मी शाळेची पायरी चढले नाही, दुकानांच्या पाट्या बघत बघत वाचायला शिकले, म्हणून मी बाटली फिरवून मागचं बारीकही वाचते. बाकीचे शिकलेले, ते पुढचं वाचूनच थांबतात. मग मुलगा कामावर निघताना बापाच्या खिशात खजूर कोंबतो, "बाबा, गोड खावंसं वाटलं तर हे खा." आणि बाबांना गोड खावंसं कधी वाटतं? जिना उतरेपर्यंत वाटतं. दुपारी लेक येते ती फळांचा रस घेऊन, चोथा सगळा फेकलेला, नुसतं गोड पाणी, "बाबा, घरी काढलाय, यात काही नाही." ज्याच्या त्याच्या मते आपलं सोडून दुसरं कोणी काही देतच नाही. आणि मी? मी कुठे काय देते? चहात गूळ, बस. गुळाला कोणी साखर म्हणतं का? साखर बंद आहे.

म्हातारा खूश. जन्मभर चहात चमचाभर साखर मिळालेला माणूस, आता दिवसभर जो तो येऊन याच्या तोंडात घालतोय. परवा मला म्हणतात, "साखर सोडल्यापासून जिभेला चव आलीय गं." येईल नाहीतर काय.

पण दुकानात बसले की मला सगळं दिसतं. जिन्याखाली यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि स्क्रू म्हणजे मुंगीचं डोकं समजा. तर परवा स्क्रू एकीकडे आणि चिमटा दुसरीकडे, कोंबडीने रिकाम्या अंगणात टिपावं तसे रिकाम्या टेबलावर टिपत बसले होते. म्हणाले, "बल्ब मंद झालाय." नवा बल्ब आणला. म्हणाले, "हल्लीच्या बल्बांना उजेडच नसतो." त्याहून मोठा आणला. आता दुकानात असा लख्ख उजेड आहे की रस्त्यावरचे लोक डोळ्यांवर हात धरून जातात, आणि हे आपले टेबलावर टिपतायत... शेवटी मीच हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डोळ्याच्या पडद्यावरचे रक्ताचे ठिपके दाखवले आणि म्हणाल्या, "साखर अशीच राहिली तर नजर जाईल, आजी. गेलेली परत येत नाही." मी घरी येऊन सांगितलं, तर सगळे एका सुरात, "पण साखर तर बंद आहे." आणि मग ही झडती.

मग मीही पदर खोचला. मधाची बाटली, खजुराचा पुडा, रसाचा जग, सगळं आणून पलंगावर मांडलं. "हे काय आहे? हे पोटात गेल्यावर कारलं होतं का?"

"खजुरात लोह असतं, आई."

"मग खिळे चाखायला दे बापाला."

"मध औषध आहे," सूनबाई म्हणाली.

"औषध घेऊन चमचा चाटणारा माणूस मी तरी पाहिला नाही."

"आणि तुमचा गूळ?"

"गुळाचं नाव काढू नकोस," म्हटलं मी, पण तोंडातून निघतानाच ते पोकळ वाटलं. गेले, स्वयंपाकघरातून गुळाची बरणी आणली आणि त्या रांगेत ठेवली.

तेवढ्यात म्हातारा बोलला. इतका वेळ पलंगाच्या कडेला बसून होता, जणू चर्चा शेजाऱ्याच्या डोळ्यांची चाललीय. "अगं, भांडू नका. सगळे मायेने देता, कोणाला नाही म्हणू? आणि डोळ्यांचं म्हणशील तर जरा चांगला बल्ब..."

मला शब्द शोधावे लागत नाहीत, हे गल्लीला माहीत आहे. त्या वेळी मात्र शोधावे लागले. मग म्हटलं:

"अहो, तोंडाने तर मी तुम्हाला रोजच शिव्या घालते, त्यातली खरी कुठली ते तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखता, उद्या दिसेनासं झालं, तर काय सगळ्याच खऱ्या समजून जगणार आहात?"